पंप म्हणजे काय? (संपूर्ण माहिती)

उत्तर ही मुळातच एक अप्रतिष्ठित वस्तू आहे. प्रश्न विचारणाऱ्याला लोक जिज्ञासू म्हणतात, प्रश्नावर चर्चा करणाऱ्याला विचारवंत म्हणतात आणि प्रश्न दुसऱ्याच्या टेबलावर ढकलणाऱ्याला साहेब म्हणतात. सरळ उत्तर देणाऱ्याला मात्र कोणीच काही म्हणत नाही. उत्तर मिळाले की माणूस पाठ फिरवतो आणि आपल्या कामाला लागतो. (काही जण आभार मानतात, पण ते पायऱ्या उतरता उतरता.)

बाजाराच्या मागच्या रस्त्यावर पंपांचे एक दुकान होते आणि तिथे बिलवाले काका हा अप्रतिष्ठित धंदा बरीच वर्षे करत होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी काचेचे काउंटर, काउंटरमागे काका, काकांमागे छतापर्यंत रचलेले पंप आणि या सगळ्यावर ग्रीसचा वास. मालक अगदी मागे, पडद्याआड बसत. काकांचे काम खरे तर बिले करण्याचे. पण गिऱ्हाईक आले की आधी त्यांच्यापुढेच आपले रडगाणे गाई.

"मोटर नुसती गुंगुं करते हो, फिरतच नाही."

"कंडेन्सर गेलाय."

"फिरते, पण पाणी खेचत नाही."

"हवा धरलीय. वरचं बूच काढा, पाणी ओता, बूच लावा."

"मग नवी घ्यायची का?"

"कशाला?"

हा शेवटचा शब्द मालकांच्या काळजात सुरीसारखा जाई. पण काकांच्या याच शब्दावर माणसे लांबून येत, हेही त्यांना कळत होते. म्हणून ते पडद्याआड नुसते खाकरत. घरीही काकांची हीच ख्याती होती. त्यांना एकच मुलगी. लहानपणापासून तिचे काही अडले की ती आईला ओलांडून वडिलांकडे येई. हे घेऊ की ते? ते. या शाळेत जाऊ की त्या? या. बाबांनी एकदा सांगितले की तिच्या दृष्टीने विषय मिटला. का म्हणून तिने कधी विचारले नाही.

असा हा मागासलेला कारभार चालू असताना मालकांचे जावईबापू दुकानात आले. त्यांनी आतापर्यंत पुष्कळ नोकऱ्या स्वेच्छेने सोडल्या होत्या (इच्छा वरिष्ठांची होती). दुकानाची अवस्था पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि पहिल्याच आठवड्यात एक वेबसाइट काढली. तिच्यावर दुकानाचा फोन नंबर होता, एका पंपाचा फोटो होता आणि हस्तांदोलन करणारे दोन हात होते. (त्यांपैकी एकही हात दुकानात नोकरीला नव्हता.) वेबसाइटला पहिल्या महिन्यात तिघांनी भेट दिली: जावईबापूंनी, त्यांच्या बायकोने नवऱ्याच्या आग्रहाखातर, आणि मालकांनी चुकून.

"मजकूर नाही ना," जावईबापूंनी निदान केले. "लेख पाहिजेत. लेख असले की लोक येतात. लोक आले की झालं!"

काय झाले, हे त्यांनी सांगितले नाही. मालकांनीही विचारले नाही. इतक्या मोठ्या गोष्टीबद्दल शंका काढणे बरे दिसत नाही.

लेख पुरवणाऱ्या संस्था असतात, हे काकांना तेव्हाच समजले. विषय कळवायचा, शब्दसंख्या कळवायची; लेख येऊन पडतात. पहिला लेख आला तो असा: 'पंपाचे अकरा आरोग्यदायी फायदे. पंप निवडताना तो हाताला जड लागतो का हे पाहावे. साल लालसर आणि तुकतुकीत असावी. पंप मधोमध कापून आतील दाणे हलक्या हाताने मोकळे करावेत. रोज सकाळी वाटीभर घेतल्यास रक्त वाढते, कांती उजळते आणि म्हातारपण दूर राहते.'

"जावईबापू, अहो हे डाळिंबाचं आहे," काका म्हणाले.

होतेच. संस्थेने हा लेख पूर्वी एका फळवाल्याला पुरवला होता आणि आता त्यातला एक शब्द बदलला होता. पण मेहनत घेतली नाही असे म्हणता येणार नाही. तो शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे बदलला होता.

"काका, डाळिंबाचं असो नाहीतर दगडाचं," जावईबापू म्हणाले, "माणसं येतायत की नाही ते बघा."

आणि माणसे येत होती! लेखाखाली प्रतिक्रियांची रांग लागली होती. 'अतिशय उपयुक्त माहिती.' 'आजीला पाठवले.' 'पंप रिकाम्या पोटी घेतला तर चालतो का?' एका सद्गृहस्थाने वडिलांना मधुमेह असल्याचे कळवून अर्धाच पंप द्यावा काय, अशी पृच्छा केली होती. जावईबापूंनी सगळ्यांचे आभार मानले. उत्तर कोणालाच दिले नाही, आणि उत्तर न मिळाल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. दुकानाच्या भावी प्रगतीचे बीज इथे होते, पण ते तेव्हा कोणी ओळखले नाही.

पुढे संस्थेकडून एका लेखात शब्द बदलायचा राहून गेला आणि दुकानाच्या वेबसाइटवर उघड उघड डाळिंब झळकले. मालक खवळले. आपल्या धंद्याची काही अब्रू आहे, लेख आता घरचेच पाहिजेत, असा त्यांनी निर्वाणीचा आदेश काढला. लेखक म्हणून काकांची निवड झाली. वर्तमानपत्र हरवले-सापडलेच्या जाहिरातींपर्यंत वाचणारा दुकानात दुसरा कोणी नव्हता, ही त्यांची पात्रता.

काकांनी दुपारभर बसून पहिला लेख लिहिला. 'मोटर फिरते पण पाणी येत नसेल तर मोटरने हवा धरली आहे. वरचे बूच काढून पाणी ओता आणि बूच घट्ट लावा.'

जावईबापूंनी तो वाचला आणि कागद उलटून मागे काही आहे का पाहिले.

"काका, लेख कुठंय?"

"हा काय."

"अहो, माणूस आला, वाचलं आणि गेला!"

"मोटर चालू करायला गेला असेल."

"गेला ना पण! तो जायला नकोय आपल्याला. थांबला पाहिजे. जितका जास्त थांबेल तितकी आपली किंमत वाढते."

त्यानंतर जावईबापूंनी मजकुराबाबतच्या सर्वसाधारण सूचना काढल्या. त्या मुळातून वाचण्याजोग्या आहेत. लेखाची सुरुवात 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' या शब्दांनी करावी. वाचकाने ज्या वस्तूबद्दल विचारले, ती वस्तू म्हणजे काय हे त्याला प्रथम समजावून द्यावे. (ज्याचा पंप बंद पडला आहे त्याला पंप म्हणजे काय हे ठाऊक असू शकते, पण तसे गृहीत धरू नये.) मग त्या वस्तूचे मानवी जीवनातील स्थान, तिचा इतिहास, तिचे प्रकार, फायदे आणि तोटे. तोटे फायद्यांपेक्षा एकाने कमी असावेत. उत्तर असल्यास ते अगदी शेवटी द्यावे. नसल्यास उत्तम.

या शेवटच्या सूचनेमागे सखोल चिंतन होते. ज्याला उत्तर मिळाले तो समाधानी माणूस. समाधानी माणूस वेबसाइट बंद करून आपल्या संसारात रमतो, म्हणजेच तो आपले नुकसान करतो. ज्याला उत्तर मिळाले नाही तो खालचा 'हेही वाचा' हा लेख उघडतो. तिथेही मिळाले नाही की तिसरा. याचा अर्थ, लेखाचे खरे यश वाचकाला काहीही न कळण्यात आहे. मात्र आपल्याला काहीतरी कळत आले आहे असे त्याला सतत वाटत राहिले पाहिजे. हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

काकांना सुरुवातीला जड गेले. उत्तर आपोआप पहिल्याच ओळीत उमटे आणि मग ते ओढून खाली न्यावे लागे. पण हळूहळू हात बसला. 'पंप म्हणजे काय?' हा त्यांचा लेख निघाला तेव्हा मालक स्वतः पडदा सारून बाहेर आले. "काका, तुमच्यापाशी माणसं थांबतायत!" ते म्हणाले आणि त्यांनी काकांची पाठ थोपटली. इतक्या वर्षांत काउंटरवर काकांपाशी कोणी क्षणभर जास्त थांबले नव्हते, आणि त्यांची पाठही कोणी थोपटली नव्हती. खरे सांगायचे तर काका सुखावले. माणूस चांगला होता, पण हुरळला.

मग भरभराट झाली. काउंटर हलवून तिथे टेबले मांडली. कॉम्प्युटरवर धूळ बसते म्हणून पंप मागच्या बोळात ठेवले, ताडपत्री टाकून. काकांच्या हाताखाली तीन लेखक आले, ज्यांनी पंप पाहिलेला नव्हता. त्यामुळे त्यांचे लेखन निःपक्षपाती होते. भिंतीवर टीव्हीसारखा एक मोठा पडदा लावला, त्यावर भेट देणाऱ्यांची रेषा वर चढताना दिसे. दुकानाने केलेल्या पाहणीनुसार, भेट देणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे पंप नव्हता, निम्म्यांना तो घ्यायचा नव्हता आणि बरेच जण वाट चुकून आले होते. (हे वाट चुकलेले सर्वांत जास्त वेळ थांबत. त्यांच्या सोयीसाठी बाहेर पडण्याचे बटण आणखी बारीक करण्यात आले.)

राहता राहिला त्रास प्रत्यक्ष गिऱ्हाइकांचा. ती माणसे अजूनही येत आणि तोंडाने प्रश्न विचारत. त्यांच्यासाठी दारात पाटी लावली: 'आपल्या प्रश्नांसाठी कृपया वेबसाइटला भेट द्यावी.' एके सकाळी एक गृहस्थ गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटने धावत आले.

"तळघरात पाणी शिरलंय हो! मोटर फिरते, पण उचलतच नाही. काय झालं असेल?"

काकांचे तोंड उघडले. जावईबापू खाकरले. काकांनी तोंड मिटले आणि पाटीकडे बोट केले. गृहस्थ पायरीवर जाऊन उभे राहिले, ओले बोट पँटला पुसत पुसत त्यांनी फोनवर लेख उघडला आणि वाचू लागले. आत पडद्यावरची रेषा टीचभर चढली. लेखकांनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थ बराच वेळ थांबले. मधूनमधून ते मान वर करून दाराच्या काचेतून काकांकडे बघत. काकांनी त्या दिवशी खुर्ची फिरवून घेतली.

पुढे जावईबापूंच्या लक्षात आले की पंपांबद्दल विचारणाऱ्यांपेक्षा झोप, केस आणि सासू यांबद्दल विचारणारे लोक कितीतरी पटींनी जास्त आहेत. तेव्हा पंपांच्या वेबसाइटवर या विषयांनाही योग्य ते स्थान मिळाले. 'सासूशी जुळवून घेण्याचे सोपे मार्ग' हा लेख काकांनी घरी काकूंना कौतुकाने दाखवला. काकूंनी तो वर-खाली वाचला.

"तुमच्या आईशी जुळवून घेण्यात माझा जन्म गेला. मला तरी विचारायचंत."

"काय सांगितलं असतंस?"

"जमत नाही, म्हणून."

"मग लेख एका ओळीत संपला असता ना!"

काकूंनी चष्मा काढून नवऱ्याकडे नीट पाहिले. अलीकडे त्यांना शंका येतच होती. कारण उत्तर लांबवण्याची कला ही दुकानात ठेवून घरी येण्यासारखी वस्तू नाही. ती अंगात मुरते. भाजी कोणती आणू विचारले की काका भाज्यांचे आहारातील स्थान सांगत. चहा टाकू का, म्हटले की म्हणत, "चहा घ्यावा की नाही, याबद्दल दोन मतप्रवाह आहेत."

"दोन्ही मतप्रवाहांना साखर किती?" काकू विचारत आणि चहा टाकून मोकळ्या होत. तोपर्यंत घरात हा चेष्टेचा विषय होता.

मुलगी चष्म्यांच्या दुकानात नोकरीला होती. तिथे येणाऱ्या एका तरुणाने तिला लग्नाचे विचारले होते. तरुण विमा कंपनीत, दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. शेवटी एका रविवारी दुपारी तो आईला घेऊन घरीच आला. बैठकीच्या खोलीत चहा झाला. त्याची आई बोलकी बाई होती. ती आपल्या शेजारणीच्या मांजराची काहीतरी गंमत सांगू लागली. मांजर कपाटावर चढेपर्यंत गोष्ट आली असेल, तेवढ्यात तरुण तिच्याकडे न बघता म्हणाला, "आई, पुरे."

आवाज चढला नव्हता. पण बाई शब्द अर्धा टाकून थांबल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले आणि सगळ्यांकडे बघून हसल्या. ते हसणे रोजच्या सवयीचे होते. काकांनी ते पाहिले आणि मुलीकडे नजर टाकली.

मुलगी कपबशा घेऊन आत गेली आणि तिने वडिलांना हाक मारली. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, त्यांना आज उत्तर हवंय. मला कळत नाहीये. तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी बाहेर जाऊन नाही म्हणते, मला काही वाटणार नाही. हो म्हणू का?"

उत्तर काकांना जन्मात कधी इतक्या झटकन सापडले नव्हते. ते जिभेवर तयार होते, एका शब्दाचे. काकांनी तोंड उघडले.

"लग्न," काका म्हणाले, "हा माणसाच्या आयुष्यातला एक महत्त्वाचा टप्पा आहे."

"हो बाबा."

"पूर्वीच्या काळी यात वडीलधारी मंडळी निर्णय घेत. आजच्या धकाधकीच्या—"

"बाबा, ते बाहेर बसलेत."

"फायद्यांचं बघितलं तर सोबत मिळते, आधार मिळतो. तोट्यांचं म्हणशील, तर आपल्या स्वभावाला थोडी मुरड घालावी लागते."

मुलगी मन लावून ऐकत होती. आणि हे सांगायलाही लाज वाटते, पण ती थांबून राहिली आहे हे बघून काकांना आतून किंचित बरे वाटले. त्या बऱ्या वाटण्याच्या भरात ते आपल्या लेखांच्या नेहमीच्या शेवटाला पोचलेसुद्धा. "अखेर निर्णय ज्याने त्याने आपल्या परिस्थितीनुसार घ्यावा," ते म्हणाले.

मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बाबांना ती पुरते ओळखून होती. काळजीचे काही असते तर बाबा पहिल्या फटक्यात बोलले असते. तिने पदराला हात पुसले, बाहेर गेली आणि हो म्हणाली.

पाहुणे गेल्यावर काकूंनी दार लावले.

"तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग तोंडाला काय कुलूप घातलं होतं? मी बोलले तर ती म्हणते, तुला कोणीच पसंत पडत नाही. तिला तुमचा शब्द लागतो. एक शब्द टाकायचा होता हो, एक!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कामावर निघताना दारात चपला घालत होती. वडील उगाचच मागे उभे आहेत हे पाहून तिने विचारले, "बाबा, काही बोलायचंय का?"

"म्हणजे बघ," काका म्हणाले, "एका दृष्टीने पाहिलं तर—"

तिला उशीर होत होता. ती जिना उतरून गेली.

काका दुकानात आले ते थेट कॉम्प्युटरपाशी. त्यांनी नवा लेख उघडला आणि वर मथळा दिला: 'मुलीने विचारले तर काय सांगावे?' खाली एका दमात लिहिले, 'सांगून टाका. ती अजून जिन्यात आहे.' मग त्यांनी इकडे तिकडे पाहिले. जावईबापू यायचे होते, खाकरणारे कोणी नव्हते. काकांनी आपण होऊन ती ओळ पुसली आणि लिहायला घेतले: 'आजच्या धकाधकीच्या जीवनात...'

लग्न ठरल्याप्रमाणे पार पडले. व्यवस्था चोख होती. मुलगी आता माहेरी येते तेव्हा काही गंमत सांगता सांगता अर्ध्यावर थांबते, हात मांडीवर ठेवते आणि सगळ्यांकडे बघून हसते. काकू उठून आत जातात.

काकांचा तो लेख मात्र दुकानाच्या इतिहासात सर्वाधिक चालला. रेषा पडद्याबाहेर गेली. देशोदेशीचे बाप आले, आया आल्या, भाऊ आले; ज्यांना मुलगी नाही असेही आले. सगळ्यांनी लेख शेवटपर्यंत वाचला, 'डोळे उघडले' असे खाली लिहिले आणि पुढचा लेख उघडला. उत्तर कुठे आहे, असे एकानेही विचारले नाही. जावईबापूंना याचे राहून राहून नवल वाटे. काकांना वाटत नसे. येणाऱ्याला उत्तर घरून निघतानाच ठाऊक असते. तो ते शोधायला येतच नाही, ते द्यावे लागू नये म्हणून येतो आणि जेवढा लांब लेख मिळेल तेवढा जास्त दुवा देऊन जातो.

आपणही इथवर वाचलेत, याबद्दल आभार. मघाशी आपल्याला शेजारच्या खोलीतून कोणीतरी काहीतरी विचारले होते आणि 'एवढं वाचून सांगतो' असे आपण म्हणाला होतात. आता तिकडून आवाज येत नाही, तेव्हा घाईचे कारण उरलेले नाही. सावकाश जा.